लग्नाचा फोटोग्राफर निवडताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई म्हणाल्या, “तुमच्या घरी दोन वर्षांत दोन लग्ने झाली, तेव्हा या विषयावर तुम्हीच बोला.” माझे शिक्षण सातवीपर्यंत. कॅमेऱ्याच्या यंत्राविषयी मी काही सांगू लागले तर ते मला शोभणार नाही. पण भाजी पारखायला जशी पदवी लागत नाही, तसाच फोटोग्राफर पारखायलाही ती लागत नाही. नजर मात्र लागते. ती कशी लावावी, एवढेच सांगते.

लग्नाचा मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो. पंगतीत काय वाढले होते ते महिन्याभरात विसरते. शालू कपाटात जातो. मागे राहतात ते फोटो. असे असून कार्यालय, आचारी, दागिने सगळे ठरल्यावर उरलेल्या पैशात आपण फोटोग्राफर पाहतो, आणि तोही कोणीतरी मोबाइलवर दाखविलेल्या चार चित्रांवरून.

ही चार चित्रे पाहून भुलू नये. नमुन्याच्या अल्बममध्ये पन्नास लग्नांतले निवडक फोटो असतात. आपण म्हणावे, “एकाच लग्नाचे सगळे फोटो दाखवा, हळदीपासून पाठवणीपर्यंत.” तेही आपल्यासारख्याच कार्यालयातल्या लग्नाचे. संध्याकाळच्या कोवळ्या उन्हात बागेतला फोटो कोणाचाही बरा येतो. खरी परीक्षा असते ती कार्यालयातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात, होमाच्या धुरात आणि व्यासपीठावरच्या गर्दीत. तिथे चेहरे नीट दिसतात का, पंगतीतली माणसे मोकळी हसताना टिपली आहेत का, ते पाहावे.

दुसरी गोष्ट रंगाची. माझ्या मोठ्या जाऊबाईंची मुलगी सावळी आणि नाकीडोळी नीटस आहे. तिच्या अल्बममध्ये चेहरा पांढरा आणि मेंदीचे हात सावळे! जाऊबाई म्हणाल्या, “ही कोणाची मुलगी?” फोटोग्राफरला वाटले, आपण चांगलेच केले. पण त्या मुलीला काय वाटले असेल? ऐन लग्नात आपला रंग लपवावा लागला, असेच ना? म्हणून जुन्या गिऱ्हाइकांच्या फोटोंत सावळ्या मुली सावळ्याच दिसतात का ते बघावे, आणि “रंग उजळायचा नाही” असे आधीच बजावावे.

तिसरे, त्याला आपले विधी ठाऊक आहेत का? मंगलाष्टके संपली की अंतरपाट दूर होतो आणि वधूवर एकमेकांकडे पाहतात. हे सारे दोन-चार क्षणांत होते. तोवर साहेब दिवा नीट करीत बसले तर ती नजर पुन्हा मिळत नाही. कानपिळी, लाजाहोम, सप्तपदी, सूनमुख यांचा क्रम त्याला गुरुजींकडून समजावून द्यावा. तो कोठे उभा राहणार तेही विचारावे. पुष्कळ लग्नांत अक्षता हातात घेतलेल्या पाहुण्यांना वधूवर दिसत नाहीत, फोटोग्राफरांच्या पाठी दिसतात. आणि फोटोसाठी मंगळसूत्र दुसऱ्यांदा घालायला लावणारा माणूस मला तरी नको वाटतो.

आता चौथी आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट. त्या पहिल्या लग्नात दोन हजारांवर फोटो निघाले. पाहुण्यांच्या पाहुण्यांचेही निघाले. पण माझ्या सासूबाईंचा, म्हणजे नवरीच्या सख्ख्या आजीचा, एकही धड फोटो नाही. एका फोटोत खांबाआडून अर्धा पदर तेवढा दिसतो. सासूबाई विधवा. शुभकार्यात आपण पुढे येऊ नये असे त्यांना लहानपणापासून शिकविलेले, म्हणून त्या मागे राहिल्या. फोटोग्राफरने विचारले नाही, ही म्हातारी कोण म्हणून. जो पुढे येईल त्याचाच त्याने फोटो काढला.

माझ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी आम्ही तिघांना भेटलो. पहिल्याने दर सांगितले. दुसऱ्याने ड्रोन दाखविला. तिसऱ्याने विचारले, “घरात वडीलधारी कोण कोण आहेत? त्यांच्या गुडघ्यांना त्रास आहे का? म्हणजे मी त्यांच्याकडे जाईन, त्यांना व्यासपीठावर चढवू नका.” आम्ही तिसऱ्याला ठरविले. त्याला नावांची यादी लिहून दिली. पहिले नाव सासूबाईंचे होते. नातीला ओवाळताना त्यांचा फोटो आला आहे. तो पाहून त्या म्हणाल्या, “एवढी मोठी कशाला काढली मला?” पण आल्यागेल्याला त्या तो स्वतःच दाखवितात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याचे राज्यभर कौतुक झाले. ठराव गावाने केला तरी ओवाळायला हाताला धरून पुढे आणायचे काम घरच्या बायकांचेच आहे. यादीत नवरीच्या आईचेही नाव घालावे. ती बिचारी दिवसभर कोठीच्या किल्ल्या सांभाळीत असते.

मुलीच्या साजशृंगाराच्या वेळी खोलीत परका पुरुष नको वाटत असेल, तर बाई फोटोग्राफर मिळतात. यात नवल काही नाही. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या. त्यांना २०११ साली पद्मविभूषण मिळाले.

आता व्यवहाराचे. तोंडी बोलण्यावर राहू नये, कागदावर लिहून घ्यावे. स्वतः कोण येणार, की मदतनिसाला पाठविणार? किती तास? अल्बम केवढा, पाने किती? जीएसटी आणि प्रवासखर्च धरून का वेगळा? अल्बम कोणत्या तारखेला? आणि शेवटचा हप्ता अल्बम हाती आल्यावरच द्यावा.

आणखी एक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन आपण काढवून घेतलेल्या फोटोचा हक्क, उलट करार नसेल तर, आपलाच असतो. म्हणून छापील कागदावर सही करण्यापूर्वी तो पुरता वाचावा. आपल्या मुलीचे फोटो न विचारता जाहिरातीत किंवा इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत, हेही त्यातच लिहावे.

फोटो पेनड्राइव्हवर मिळाले की काम संपले असे समजू नये. पेनड्राइव्ह बिघडतो, हरवतो. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात आणि निदान पन्नास फोटो कागदावर छापून घ्यावेत. म्हातारी माणसे फोटो हातात धरून पाहतात.

लग्नाआधी डोंगरावर जाऊन फोटो काढण्याची आता चाल पडली आहे. मुलांना हौस असेल आणि खिसा परवडत असेल तर जरूर काढावेत. शेजारणीने काढले म्हणून कर्ज काढून मात्र काढू नयेत. महाग फोटोग्राफर वाईट नाही, स्वस्तही वाईट नाही. ज्याला आपली माणसे पाहावीशी वाटतात तो आपला.

तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतील. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी आज घरी गेल्यावर यादी करायला बसावे, आणि घरात मागे मागे राहणाऱ्या माणसाचे नाव पहिले लिहावे.