तडजोडीचा हिशेब



‘तडजोड’ हा शब्द आपल्याकडे बदनाम आहे. पुढारी साहेबाच्या खोलीतून समेट करून बाहेर आला, की फाटकावरची माणसे आधी त्याच्या खिशाकडे पाहतात. कामगारांत तीस वर्षे वावरल्यामुळे मला या संशयाचा राग येत नाही. पण खरी तडजोड ओळखायची कशी? त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांच्या कामाकडे पाहावे.

लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. मुंबईत मांडवीच्या गिरणीत ते स्टोअरकीपर होते. १८८१ चा फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. मोठ्यांना ना सुटी, ना तासांची मर्यादा. मालक म्हणत, कामगारांची तक्रारच नाही, कायदा हवा आहे तो लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना. लँकेशायरचा स्वार्थ खराच होता. पण ‘तक्रार नाही’ याला लोखंड्यांनी सह्यांनी उत्तर दिले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला सभा भरवून त्यांनी अर्ज तयार केला; त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या.

मागण्या पाचच. रविवारची सुटी; दुपारी अर्धा तास विश्रांती; काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच; पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत; आणि कामावर जखमी झालेल्याची भरपाई. मालकाला नाही म्हणताना लाज वाटावी, अशा या मागण्या!

त्यांच्या संघटनेपाशी ना वर्गणी होती, ना संपाचा निधी. तरी २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार जमले; दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकसंघाने आठवड्याची सुटी मान्य केली. पाचांतली एक! लोखंड्यांनी ती घेतली आणि उरलेल्या चारांचा पाठपुरावा सोडला नाही. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनच्या कामात ते सहभागी झाले. १८९१ च्या कायद्याने दुपारची विश्रांती आली. १८९७ मध्ये प्लेगने त्यांना नेले. पुरुषांच्या तासांना मर्यादा १९११ मध्ये पडली, भरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला, वेळेवर पगाराचा १९३६ मध्ये. यादी फिटायला बावन्न वर्षे लागली.

आपल्या तालुक्यातून गिरणीला गेलेल्या घरांना १९८२ च्या संपाची वेगळी सांगायला नको. दोष कुणाचा, हा आजचा विषय नाही. पण त्या संपाचा रीतसर समेट कधी झालाच नाही. माणसे एकेकटी परतली. कुणी गिरणीत, कुणी गावी. काय मिळाले, काय राहिले, याचा कागदच उरला नाही.

आज कंत्राटी पोराला रविवार मिळतो, पण पुष्कळदा त्या दिवसाची मजुरी जाते. म्हणून तरुणांना माझे सांगणे एवढेच : पुढारी तडजोड करून आला, तर त्याला दोन गोष्टी विचारा. मिळाले काय, ते कागदावर दाखव. आणि राहिले काय, तेही त्याच कागदावर लिही. दुसऱ्या प्रश्नाला जो बिचकत नाही, त्याच्या तडजोडीवर खुशाल विश्वास ठेवा.