सागरी सूक्ष्मजीवाश्म : नाव, वर्ग आणि काळ
(भाषणाचा मजकूर)

सातबारा उताऱ्यावर एकच शेत दोन निरनिराळ्या नावांनी नोंदले गेले, अथवा दोन शेते एकाच नावाखाली आली, तर पुढे किती घोटाळे उद्‌भवतात हे महसूल खात्यातील कर्मचाऱ्यांस व पंचायत सदस्यांस वेगळे सांगावयास नको. पृथ्वीच्या इतिहासाचीही अशीच एक नोंदवही आहे. तिच्यातील नोंदी सागरतळाच्या गाळात गाडल्या गेलेल्या अतिसूक्ष्म जीवांच्या कवचांनी केलेल्या आहेत. ही कवचे कोणाची हे नेमके ठरविले, तरच खडकाचे वय कळते, तेलाचा शोध योग्य दिशेने चालतो आणि पूर्वीच्या काळी पाऊसमान कसे होते याचा अंदाज बांधता येतो. म्हणूनच त्यांचे नामकरण व वर्गीकरण हा केवळ पंडितांच्या हौसेचा विषय नव्हे.

या जीवांचे काही गट विशेष महत्त्वाचे आहेत. फोरॅमिनीफेरा हे एकपेशीय प्राणिसदृश जीव असून त्यांची कवचे बहुधा चुन्याची असतात. रेडिओलॅरियांचा सांगाडा सिलिकेचा असतो. डायाटम अथवा करंडक या शैवलांचे कवचही सिलिकेचेच. तर कॉकोलिथ म्हणजे काही शैवलांच्या अंगावरील चुन्याच्या चकत्या होत. बहुतेक फोरॅमिनीफेरा एक मिलिमीटरहून लहान असतात. कॉकोलिथ तर मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाएवढेच. याला अपवाद न्युम्युलाइट या नाण्याच्या आकाराच्या जीवाश्मांचा. इजिप्तमधील पिरॅमिडांच्या चुनखडकात ते विपुल आढळतात. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या जेवणातील डाळीचे दाणे उरले व त्यांचेच दगड झाले, अशी समजूत तेथे असल्याची नोंद प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने करून ठेवली आहे.

नाव टिकले, जागा बदलली

शास्त्रीय नामकरणाचा पाया स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीयस याने घातला. प्रत्येक जीवास दोन पदांचे नाव असावे, पहिले पद प्रजातीचे व दुसरे जातीचे, ही त्याची पद्धत. प्राण्यांच्या नावांसाठी त्याच्या ग्रंथाची १७५८ मधील दहावी आवृत्ती हाच आरंभबिंदू मानला जातो. त्या ग्रंथात एका चिमुकल्या वळणदार कवचास त्याने नॉटिलस बेकारी असे नाव दिले. इटलीतील बोलोन्या शहराजवळच्या वाळूत अशी कवचे प्रथम पाहणाऱ्या बेकारी या विद्वानाचे स्मरण त्या नावात आहे. नॉटिलस हा मात्र मोठा, शीर्षपाद वर्गातील मृदुकाय प्राणी. आकार सारखा, म्हणून नातेही तेच, असा तो समज होता.

१८२६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ द’ऑर्बिन्यी याने या कवचांची पहिली पद्धतशीर मांडणी केली. कवचातील कप्प्यांना जोडणाऱ्या छिद्रांवरून त्याने ‘छिद्रधारी’ या अर्थाचे फोरॅमिनीफेरा हे नाव योजिले. परंतु त्यांची गणना शीर्षपादांतच केली. १८३५ मध्ये दुजार्दँ याने जिवंत नमुन्यांचे निरीक्षण केले. कवचातून बाहेर पडणारे जीवद्रव्याचे धागे पाहून हे मृदुकाय प्राणी नसून अगदी साध्या रचनेचे जीव आहेत, असे त्याने दाखवून दिले. वर्गीकरणातील जागा बदलली, नाव मात्र टिकले. नॉटिलस बेकारीही आज अमोनिया या प्रजातीत गणला जातो. बेकारी हे जातीचे पद कायम आहे. याच अमोनिया प्रजातीचे जीव आज कोकणातील खाड्यांच्या गाळातही आढळतात.

नियमांची गरज

नाव देण्यास मोकळीक असली, तरी मनमानीस वाव नाही. एकाच जातीस दोन नावे मिळाली असल्यास सामान्यतः आधीचे नाव ग्राह्य धरतात. नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध करावे लागते व एक मूळ नमुना नामाधार म्हणून निश्चित करून जतन करावा लागतो. पुढे वाद उद्‌भवल्यास त्या नमुन्याकडेच परत जावे लागते. जाती एका प्रजातीतून दुसरीत गेली, तर प्रथम नाव देणाऱ्याचे नाव कंसात लिहितात. फोरॅमिनीफेरा व रेडिओलॅरिया यांस प्राणिनामकरणाची संहिता लागू होते, तर करंडक व कॉकोलिथधारी शैवले यांस वनस्पतींची.

नाव देण्याची घाई कशी अंगाशी येते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अटलांटिक सागराच्या तळातून १८५७ मध्ये आणलेला गाळ मद्यार्कात जपून ठेवला होता. १८६८ मध्ये त्याची पुन्हा तपासणी करताना थोर ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हक्सली यास त्यात चिकट पदार्थ दिसला. तो आद्य जीव समजून त्याने त्यास बॅथिबियस हेकेली असे नाव दिले. पुढे चॅलेंजर जहाजाच्या १८७२ ते १८७६ या सफरीत रसायनज्ञ ब्युकॅनन यास आढळले, की समुद्राच्या पाण्यात तीव्र मद्यार्क मिसळला, की जिप्समचा तसाच साका तयार होतो. हक्सलीने १८७५ मध्ये चूक जाहीरपणे मान्य केली. थोर व्यक्तीचे मत असो, नमुन्याची फेरतपासणी झालीच पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

नावावरून काळ

तेलविहीर खोदताना मोठे शंखशिंपले यंत्राच्या दात्यांखाली चुरडले जातात. सूक्ष्म कवचे मात्र अखंड वर येतात. कोणत्या जाती कोणत्या काळात होत्या हे ठाऊक असल्याने थराचे वय सांगता येते. अमेरिकेत एस्थर ॲपलिन, ॲल्व्हा एलिसर व हेडविग निकर या तीन महिला शास्त्रज्ञांनी टेक्सस व लुईझियाना येथील भूमिगत थरांचा असा क्रम १९२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर तेलसंशोधनात ही पद्धत रूढ झाली. १९७४ मध्ये सापडलेल्या बॉम्बे हायचे तेलही मुख्यतः मायोसीन काळातील सागरी चुनखडकात आहे.

महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाशीही या विषयाचा निकटचा संबंध आहे. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी जेथे सागराजवळ पोहोचते, तेथे राजमहेंद्रीजवळ लाव्हाचे थर आहेत. ते पश्चिम घाटाकडून सुमारे एक हजार किलोमीटर वाहत आले, असे मानले जाते. दोन थरांमधील सागरी गाळात क्रिटेशस काळ संपल्यानंतर लगेच अवतरलेल्या फोरॅमिनीफेरा आढळल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने दख्खनच्या ज्वालामुखीचा एक मोठा टप्पा ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या महाविनाशाच्या आसपास संपल्याचे सुचविले. या काळाची ओळख पटविणारी एक जाती १९६४ मध्ये इटलीतील गुब्बिओ गावच्या खडकांवरून वर्णिली गेली. गावाच्या जुन्या नावावरून तिला युगुबिना म्हणतात. इटलीतील एका गावाचे नाव अशा रीतीने दख्खनच्या पाषाणाच्या कालगणनेत आले.

आजचे वर्गीकरण

पूर्वी कवचाचे द्रव्य, कप्प्यांची रचना व मुखाचा आकार यांवर सर्व भिस्त होती. आता जनुकांचीही साक्ष काढली जाते. निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा या जातीत डावीकडे व उजवीकडे वळणारी कवचे एकत्र गणली जात. थंड पाण्यात डावी, तुलनेने उबदार पाण्यात उजवी, म्हणून त्यांच्या प्रमाणावरून सागराचे पूर्वीचे तापमान ठरवीत. २००६ मध्ये जनुकीय पुराव्यावरून उजव्या कवचांची जाती निराळी ठरविण्यात आली. तापमानाचे अनुमान टिकले, पण त्याचा अर्थ बदलला : एकच जीव वळण बदलत नव्हता, दोन जीव आपापल्या पाण्यात राहत होते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने आणखी एक जाती मोलाची आहे. द’ऑर्बिन्यीने १८२६ मध्येच नाव दिलेली ग्लोबिजेरिना बुलॉइडीस नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अरबी समुद्राचे खालचे थंड, पोषक पाणी वर येते तेव्हा विपुल वाढते. गाळाच्या थरांतील तिच्या प्रमाणावरून हजारो वर्षांच्या मोसमी वाऱ्यांच्या बलाचा अंदाज घेतात. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही फोरॅमिनीफेरांच्या आधारे पूर्वीच्या मोसमी हवामानाचा अभ्यास झाला आहे. येथे जाती ओळखण्यात चूक झाली, तर पावसाचा इतिहासच चुकीचा लिहिला जाईल.

किनाऱ्यावरील शाळांत ओहोटीच्या वेळचा थोडा गाळ धुऊन, वाळवून भिंगाखाली पाहिल्यास ही कवचे विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष दाखविता येतात. मात्र नमुन्यावर ठिकाण व तारीख आणि थरातून घेतला असल्यास खोली लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. विहीर वा विंधन विहीर खोदताना लागलेल्या थरांची नोंद ग्रामपंचायतीने जपून ठेवली, तर तीही पुढे अभ्यासकांच्या उपयोगी पडते. ठिकाण ठाऊक नसलेला नमुना कितीही सुंदर असला, तरी पृथ्वीच्या नोंदवहीत त्यास पान मिळत नाही.