रंगांच्या लाटा



स्कॉटलंडमधील समुद्रकाठच्या सेंट अँड्र्यूज गावी १९१२ साली विल्हेल्मिना बार्न्स-ग्रॅहॅम जन्मल्या. मुलीने चित्रकला शिकण्यावरून वडिलांशी वाद झाला. तरी १९३१ साली त्यांनी एडिंबरोच्या कला महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९४० पासून कॉर्नवॉलच्या सेंट आइव्हज बंदरी राहून त्यांनी लाटा, वारा, खडक हुबेहूब न काढता केवळ रेषा-रंगांत उतरविले. वयाच्या पंच्याऐंशीनंतर त्या उत्साहाने स्क्रीन प्रिंटिंगकडे वळल्या. आपल्याकडे लग्नपत्रिका छापतात तीच ही रीत : प्रत्येक रंगाला वेगळी जाळी, एकावर एक छाप. २००४ साली त्या निवर्तल्या.

पालकहो, शिकण्याला वय नसते. मात्र पहिली परवानगी घरातूनच मिळावी लागते. ती आपल्या मुलींना द्यावी, ही विनंती.