लेन कोणाची, उत्तर कोणाचं?



अध्यक्षपदाची माळ गळ्यात पडली की माणसाला साऱ्या जगावर बोलण्याची हुक्की येते. ती आवरून मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. आपण प्रक्रियेच्या आकृत्या थराथरांनी काढतो. वरचा थर ढोबळ असतो आणि खाली उतरावं तसा तपशील वाढतो. या थरांत जबाबदारी नेमकी कुठे दाखवायची? माझा अनुभव असा की आपण प्रत्येक थरावर सवयीने लेनी, म्हणजे आडव्या पट्ट्या, आखतो, पण त्या थरावर लेन म्हणजे काय, हे ठरवलेलंच नसतं.

तुमच्यापैकी कोणी बँकेत असेल, कोणी कारखान्यात, कोणी सॉफ्टवेअर कंपनीत. म्हणून उदाहरण सगळ्यांच्या घरात येऊन गेलेलं घेतो: जमीन खरेदी केली, आता सातबाऱ्यावर नाव चढायचं आहे.

वरच्या थरावर हे एका चौकटीत मावतं. चौकटीत ‘फेरफार नोंद’, लेनीवर ‘महसूल विभाग’. बैठकीत पडद्यावर दाखवायला झकास. आता एक थर खाली उतरा. खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदवलं जातं. तिथून सूचना तलाठ्यांकडे येते. तलाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतात, तिची प्रत चावडीवर लावतात आणि हितसंबंध असणाऱ्यांना नोटीस काढतात. हरकतीला १५ दिवस. हरकत आली तर प्रकरण नमुना ६-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. नाही आली तर सहसा मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबाऱ्यावर अंमल होतो. निर्णय मान्य नसणारा कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करतो.

यात दोन गोष्टी पाहा. पहिली, दुय्यम निबंधक नोंदणी व मुद्रांक विभागाचे आणि तलाठी महसूल प्रशासनाचे. मंत्रालयाच्या पातळीवर मात्र दोघेही महसूल खात्याच्याच छत्राखाली. त्यामुळे वरच्या आकृतीत काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं ती जागाच दिसत नाही, आणि कागद अडकतो तो नेमका तिथे. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० मध्ये नोंद लिहिणारा एक आणि ती प्रमाणित करणारा दुसरा, अशी रचना आहे. सगळा संशय, सगळी तपासणी त्या दोघांमधल्या रेघेवर उभी आहे. एखाद्या विश्लेषकाने जागा वाचवायला दोघांची मिळून ‘स्थानिक महसूल कार्यालय’ अशी एकच लेन केली, तर आकृती सुबक होते आणि कायद्याने घातलेली वेस पुसली जाते.

ही अडचण जुनी आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ यांनी १९२१ मध्ये अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रक्रिया-तक्ते मांडले, तेव्हा लक्ष कामाच्या टप्प्यांवर होतं. गीअरी रम्लर आणि अ‍ॅलन ब्रॅश यांच्या १९९० च्या पुस्तकाने संघटनेच्या तक्त्यातल्या खात्या-खात्यांमधल्या कोऱ्या जागेकडे बोट दाखवलं आणि आडव्या लेनींची आकृती व्यवस्थापकांच्या अंगवळणी पडली. आज आपण बहुतेक जण वापरतो ती बीपीएमएन. तिची २.० आवृत्ती २०११ ची, आणि २०१३ मध्ये ती आयएसओचं मानक झाली. पण या मानकात लेनीचा अर्थ आकृती काढणाऱ्यावर सोडलेला आहे. लेन पदाची असू शकते, खात्याची, यंत्रणेचीही. हे स्वातंत्र्य एका पानाच्या आकृतीत खपून जातं. थर वाढले की ते अंगाशी येतं, कारण मिटलेली उपप्रक्रिया वरच्या थरावर एकाच लेनीत बसवली जाते आणि उघडल्यावर तिच्या पोटातून चार लेनी निघतात. मग वरची लेन काय सांगत होती? काम ती करते, हे तर खरं नव्हे.

माझं उत्तर सरळ आहे. वरच्या थरांवरची लेन उत्तर देणाऱ्याची समजावी आणि अगदी खालच्या थरावरची लेन काम करणाऱ्याची. हे आकृतीच्या कोपऱ्यात लिहूनच टाकावं, वाचणाऱ्याच्या अंदाजावर सोडू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हेच करतो. अधिसूचित सेवेसाठी मुदत ठरते आणि पदनिर्देशित अधिकारी, प्रथम आणि द्वितीय अपिलीय अधिकारी नेमले जातात. फाईलवर टिपणी कोणी लिहिली याच्याशी नागरिकाला कर्तव्य नाही. विचारायचं कोणाला, हे त्याला कळतं. वरच्या थराची आकृती एवढं सांगू शकली तरी पुष्कळ झालं.

याला जोडून एक शिस्त हवी. डग्लस रॉस यांच्या कामातून आलेल्या आयडेफ-शून्य पद्धतीत वरच्या चौकटीला लागणारा प्रत्येक बाण खालच्या आकृतीच्या कडेवर सापडावा लागतो, नाहीतर काहीतरी हरवलं असं धरतात. काम करणारा माणूस किंवा यंत्र तिथे चौकटीच्या खालून येणाऱ्या बाणाने दाखवतात, म्हणून तोही या हिशेबात येतो. बीपीएमएनच्या लेनींना असा हिशेब नाही. तो आपण लावावा. खालच्या थरावरची प्रत्येक लेन वरच्या कुठल्या उत्तरदायी लेनीला बांधलेली आहे, हे नोंदवावं. बांधता येत नसेल, तर वरची आकृती खोटी आहे किंवा खाली कोणी उपरा काम करतो आहे. दोन्ही शक्यता मी पाहिल्या आहेत आणि दुसरी जास्त वेळा.

लेनीवर नाव भूमिकेचं असावं. तलाठी आता शासनाच्या लेखी ग्राम महसूल अधिकारी झाले. ज्यांनी ‘नोंद घेणारा’ आणि ‘प्रमाणित करणारा’ असं लिहून पदनाम शेजारच्या तक्त्यात ठेवलं, त्यांना एक ओळ बदलावी लागली. व्यक्तीचं नाव तर लेनीवर नकोच.

त्या शेजारच्या तक्त्याबद्दल थोडं. काम करणारा, उत्तरदायी, सल्ला देणारा आणि ज्याला कळवायचं तो, असे चौघे मांडणारा आर-ए-सी-आय तक्ता आकृतीतच कोंबायचा मोह अनेकांना होतो. प्रत्येक चौकटीच्या डोक्यावर चार अक्षरं. मला तो प्रकार पटत नाही. ज्यांचा सल्ला घ्यायचा आणि ज्यांना फक्त कळवायचं, ते तक्त्यातच शोभतात. त्यांच्यासाठी लेन काढली की एकही काम न करणाऱ्या लांबलचक रिकाम्या पट्ट्या तयार होतात, आणि कोणालाच त्या काढून टाकण्याचं धाडस होत नाही, कारण तिथे साहेबांचं पद लिहिलेलं असतं. उत्तरदायी मात्र प्रत्येक कामाला एकच. लग्नघरात ‘आपण सगळे बघू’ असं ठरलं की भटजींना न्यायला स्टेशनवर कोणीच जात नाही.

मग येते ‘प्रणाली’ नावाची लेन. संगणकाने केलेली कामं त्यात टाकायला माझी हरकत नाही. पण सर्व्हर बंद पडला आणि दुय्यम निबंधकांकडून निघालेली सूचना तलाठ्यांपर्यंत पोचलीच नाही, तर ‘प्रणाली’ खुलासा देणार नाही. म्हणून त्या लेनीच्या नावाखाली एक भूमिका लिहायला लावा: सूचना पोचली की नाही, हे रोज कोण तपासणार? बैठकीत या प्रश्नावर जी शांतता पसरते, तीवरून समजा की प्रक्रियेतलं भोक सापडलं.

शेवटचा मुद्दा वाट पाहण्याचा. हरकतीचे १५ दिवस आपण घड्याळाच्या वर्तुळाने दाखवतो. ते वर्तुळ कोणत्या तरी लेनीत ठेवावंच लागतं, आणि बहुतेक जण जिथे जागा मोकळी असेल तिथे ठेवतात. पण ज्याच्या लेनीत ते आहे, त्याने दिवस मोजायचे आहेत आणि सोळाव्या दिवशी प्रकरण पुढे पाठवायचं आहे. दुपारच्या सत्रात तुम्ही आणलेल्या आकृत्या भिंतीवर लागतील. चौकटी आणि बाणांवर वाद घालायला वेळ पुष्कळ आहे; आधी प्रत्येकाने आपापल्या आकृतीतल्या घड्याळांच्या लेनी तपासाव्यात आणि त्या भूमिकेतल्या माणसाला हे कधी कोणी सांगितलं होतं का, तेही विचारून यावं.