पुनःस्थापनेची तजवीज



 पारितोषिकवितरणाच्या या मंगल प्रसंगी, ज्याला कोणी पारितोषिक देत नाही अशा, आपल्याच शरीरातील एका विकराविषयी (एन्झाइमविषयी) मी बोलणार आहे. त्याचे नाव मिथिओनिन सिंथेस रिडक्टेस. त्याचे काम समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुंबईच्या गिरणीकामगार वस्तीतील गरोदर स्त्रियांना जडणाऱ्या पांडुरोगावर यीस्टचा अर्क गुणकारी ठरतो, असे ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषीने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणद्रव्य पुढे फॉलेट म्हणून विख्यात झाले. या फॉलेटची आणि कोबालामिनची, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाची, गाठ मिथिओनिन सिंथेस या विकराच्या ठायी पडते: फॉलेटने आणलेला मेथिल गट कोबालामिनच्या मध्यभागी असलेला कोबाल्टचा अणू स्वीकारतो व होमोसिस्टीन या अमिनो आम्लाच्या स्वाधीन करतो, आणि त्यातून मिथिओनिन हे आवश्यक अमिनो आम्ल सिद्ध होते.

परंतु मेथिल गट देऊन मोकळा झालेला कोबाल्ट अत्यंत चंचल असतो. शेकडो फेऱ्या निर्वेध पार पडल्यावर एखादे वेळी त्याचा एक इलेक्ट्रॉन हरपतो, आणि त्यासरशी त्या विकराचा सारा कारभार ठप्प होतो. तरीही शरीर त्याला बडतर्फ करीत नाही. रिडक्टेस पुढे सरसावते, एनएडीपीएच या इलेक्ट्रॉनदात्या रेणूकडून घेतलेले इलेक्ट्रॉन आपल्या अंगच्या एफएडी आणि एफएमएन या दोन सहघटकांच्या मार्गे कोबाल्टपर्यंत पोचविते, एस-अ‍ॅडेनोसिलमिथिओनिन नवा मेथिल गट पुरविते, आणि खोळंबलेले विकर पूर्ववत् कामावर रुजू होते.

या रिडक्टेसचे जनुक १९९८ साली शास्त्रज्ञांच्या हाती आले. ते जन्मतःच सदोष असेल, तर आहारात ब-१२ मुबलक असूनही बालकाला पांडुरोग जडतो, रक्तात होमोसिस्टीन साचते आणि मेंदूचा विकास खुंटतो. सामग्री विपुल, कामकरी विकरही शाबूत. उणीव असते ती केवळ पुनःस्थापनेच्या तजविजीची.

मित्रहो, स्खलन हे कार्याला चिकटलेलेच असते. जो काम करतो तोच केव्हा तरी अडखळतो. म्हणूनच माझी या संस्थेच्या चालकांना नम्र विनंती आहे, की गुणवंतांच्या सत्काराबरोबरच अनुत्तीर्णांसाठी स्वतंत्र वर्ग आणि वेळ देणारा शिक्षक यांचा पक्का बंदोबस्त आपण करावा. आणि विद्यार्थ्यांनो, बाकावर शेजारी बसणारा मागे पडला, तर त्याला हात देणे हे आपले कर्तव्यच समजा.