बालवाडीची सुरक्षितता आणि आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात मोर्शी येथे केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांत मुळाक्षरे गिरवून घेण्यात गेली. तेव्हा विद्वत्तेचे भाषण आमच्याकडून होणार नाही. परंतु येत्या जूनपासून समाजभवनाच्या मागील दोन खोल्यांत बालवाडी सुरू करण्याचा ठराव मंडळाने केला आहे. तीन ते सहा वर्षांची लेकरे आपण आपल्या छपराखाली घेणार आहोत. अशा प्रसंगी जे आम्ही अनुभवाने, आणि एकदा तर फार कटू अनुभवाने शिकलो, ते आपणांपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

बालशिक्षणाच्या इतिहासाशी आपल्या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. १९२० साली गिजुभाई बधेका यांनी भावनगरास बालमंदिर काढले. पुढे त्यांच्या कार्यास ज्या ताराबाई मोडक जाऊन मिळाल्या, त्यांनी विवाहानंतरची काही वर्षे अमरावतीस काढली होती. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९४५ साली ताराबाई व अनुताई वाघ यांनी समुद्रकाठच्या बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालवाडीचा प्रयोग आरंभिला. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच मुलांच्या अंगणात जावे, ह्या विचारातून अंगणवाडी जन्मास आली. तेथे अक्षरओळखीच्या आधी मुलांची आंघोळ, नखे व केस ह्यांची निगा होत असे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा देशातील पहिल्या ३३ प्रकल्पांत आपल्याच जिल्ह्यातील धारणीचा समावेश होता. थोरांनी क्रम घालून दिला तो असा: आधी लेकराचे शरीर, मग पाटी. आम्ही मात्र बहुधा उलटा क्रम धरतो. कोणती गाणी शिकवावी, गणवेश कोणत्या रंगाचा असावा, ह्याची चर्चा तासभर चालते. पाण्याची टाकी कोण धुणार हा प्रश्न निघाला की सभा उठते.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. १९९१ साली आम्ही एका खेड्यातील शाळेवर होतो. गाव कपाशीचे. उन्हाळ्याच्या तोंडी शाळेचा रांजण फुटला. नवीन येईपर्यंत पाणी कशात भरावे, अशी अडचण पडली. तेव्हा एका सज्जन पालकाने घरची एक मोठी कॅन आणून दिली. "गुरुजी, राखेनं तीन डाव घासून आणली जी," असे तो म्हणाला. आम्ही त्याचे आभार मानले. पाणी भरणाऱ्या बाईने कॅनीत नाक घातले आणि ती म्हणाली, "गुरुजी, या कॅनीले वास येऊन राह्यला." त्या दिवशी तपासणीसाठी साहेब येणार होते. आम्ही गडबडीत होतो. "घासली आहे म्हणतात ना? भरा पाणी," असे आम्ही तिला जरा करड्या आवाजातच सांगितले, आणि तपासणीच्या नोंदवहीत 'पिण्याचे पाणी: स्वच्छ' असे सुवाच्य अक्षरांत लिहून खाली सही ठोकली.

दुपारच्या सुटीनंतर पहिलीची तीन मुले ओकू लागली. तोंडातून लाळ गळत होती, अंगाला दरदरून घाम सुटला होता, डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. ट्रॅक्टरवर घालून त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी कॅन पाहिली, हुंगली आणि अॅट्रोपिनची इंजेक्शने सुरू केली. ती कॅन कपाशीवर फवारावयाच्या औषधाची होती. ईश्वरकृपेने व डॉक्टरांच्या तत्परतेने पाचव्या दिवशी तिन्ही मुले घरी आली. गावाने आम्हांस क्षमा केली. आम्ही स्वतःस अद्याप केलेली नाही. कारण दोष त्या पालकाचा नव्हता आणि पाणी भरणाऱ्या बाईचा तर नव्हताच. तिने सांगितले होते. आम्ही ऐकले नाही, कारण ती पाणी भरणारी होती आणि आम्ही हेडमास्तर होतो.

ह्यानंतर बावीस वर्षांनी, १६ जुलै २०१३ रोजी, बिहारातील सारण जिल्ह्यात गंडामन नावाच्या खेड्यात शाळेतील दुपारचे जेवण जेवून २३ मुले मृत्यू पावली. भाजीच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. हेच विष आपल्या वऱ्हाडातील कपाशीच्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे परिचित होते. त्या शाळेला स्वतःची इमारत नव्हती. गावच्या सामुदायिक भवनात ती भरत असे. स्वयंपाकिणीला तेलाची शंका आली होती, पण तिचे चालले नाही, असे पुढे बाहेर आले. वर्तमानपत्रातील ती हकीकत वाचून आमच्या हातापायांतील बळ गेले. तेथे जे घडले ते आमच्या शाळेत घडावयाचे केवळ थोडक्यात चुकले होते.

तारीखही विलक्षण आहे. त्यापूर्वी नऊ वर्षे, १६ जुलै २००४ रोजीच, तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवताच्या छपराला लागली व ९४ मुले भाजून गेली. वरच्या मजल्यावरून उतरण्यास अरुंद जिना होता. त्या प्रकरणावरून पुढे १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सुरक्षित इमारतीत शिक्षण घेणे हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. शाळांत आग विझविण्याची साधने असावीत आणि शिक्षकांना ती वापरण्याचे शिक्षण द्यावे, असेही न्यायालयाने बजावले. म्हणजे हा विषय आता केवळ कळकळीचा राहिला नसून कायद्याचा झाला आहे.

समाजबंधूंनो, ह्या दृष्टीने गेल्या आठवड्यात आम्ही आपले समाजभवन हिंडून पाहिले. जे दिसले ते स्पष्टपणे सांगतो. राग मानू नये.

मागील दोन खोल्यांना येण्याजाण्यास दार एकच, आणि तेथेच लग्नसराईच्या खुर्च्यांची चळत लावलेली असते. आग लागली तर मुले कोठून बाहेर काढावयाची? दुसरे दार पाडले पाहिजे, आणि दोन्ही दारे बाहेरच्या बाजूस उघडणारी पाहिजेत. गॅसची शेगडी खोलीला लागून आहे; ती निराळ्या, मुलांना मज्जाव असलेल्या जागी न्यावी, आणि सिलिंडरची नळी मुदत पाहून बदलावी. आग विझविण्याचे यंत्र भिंतीवर आहे, परंतु त्यावरील तारीख केव्हाच उलटून गेली आहे. विजेची बटणे व प्लग मुलांच्या हाती येतील इतके खाली आहेत.

आवारातील जमिनीखालच्या टाकीवर फरशीचा तुकडा ठेवलेला आहे. चार वर्षांचे मूल तो सरकवू शकते. बुडण्यास खोल पाणी लागत नाही. लहान मूल बादलीतही बुडते. झाकण लोखंडी, कुलपाचे हवे. मागील कुंपणापलीकडे एक कोरडी पडलेली बोअर उघडी आहे. आपला मोर्शी-वरुडचा टापू संत्र्यांचा. बागा जगविण्यासाठी आपण धरतीची चाळण केली, आणि पाणी न लागलेली भोके तशीच टाकून दिली. २००६ साली हरियाणात पाच वर्षांचा मुलगा अशाच भोकात पडला व दोन दिवसांनी बाहेर निघाला. त्याचे नशीब थोर होते. अशा विहिरी माती-दगडांनी वरपर्यंत बुजवाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले आहे. आपल्या बोअरला एक गाडी मुरूम पुरेल.

पाणी व अन्न ह्यांविषयी नियम एकच: खत, औषध, रॉकेल, फिनेल ह्यांचे कोणतेही भांडे, कितीही वेळा घासलेले असो, बालवाडीच्या आवारात येता कामा नये. रिकामी कॅन भोके पाडून निकामी करावी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना कित्येक शेतमजूर विषबाधेने दगावले, हे आपण विसरलो नसू. शिजलेले अन्न मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्या माणसाने चाखावे. जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुण्यास पाणी व साबण मुलांच्या उंचीवर असावा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे व बोरे ह्या वयाच्या मुलांस देऊ नयेत; घशात अडकून जीव जातो.

वऱ्हाडचा उन्हाळा आपणांस ठाऊकच आहे. पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि पत्र्याखालची खोली भट्टी होते. तेव्हा उन्हाळ्यात बालवाडी सकाळीच भरावी व लवकर सुटावी. पावसाळ्यात सतरंज्या रोज झटकाव्यात, विटांचे ढीग हलवावेत, कारण विंचू तेथेच असतो. विंचू चावल्यास मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर गुणकारी असल्याचे दाखवून दिले. मूल दवाखान्यात वेळेवर पोहोचले तर वाचते. भाजलेल्या जागी शाई किंवा टूथपेस्ट न लावता वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे. विष पोटात गेल्यास मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये; विषाचा डबा सोबत घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. आणि मूल घरी सोडताना ज्यांची नावे आईबापांनी लिहून दिली असतील त्यांच्याच हाती द्यावे, मग मागणारा कितीही प्रतिष्ठित असो.

परंतु ही यादी कागदावर लिहून टांगली म्हणजे काम झाले, असे कोणी समजू नये. आमच्याही नोंदवहीत सर्व काही ठीक होते. कागद खोटा नव्हता, तो केवळ आंधळा होता. डोळे असतात माणसाला, आणि ज्याचा हात रोज भांड्याला, दाराला व टाकीला लागतो, त्याला धोका प्रथम दिसतो. म्हणून बालवाडीच्या ताई व मदतनीस ह्या दोघींना प्रवेशापूर्वी रीतसर शिक्षण द्यावे. प्रथमोपचार, आग विझविणे, मुलांना दोन मिनिटांत बाहेर काढणे ह्यांची दर तीन महिन्यांनी रंगीत तालीम घ्यावी. आणि मंडळाने आज एक ठराव आणखी करावा: मदतनीस बाईने 'थांबा' म्हटले की स्वयंपाक थांबेल, पाणी ओतून दिले जाईल, वर्ग बाहेर येईल; मग समोर अध्यक्ष असोत की देणगीदार. शंका खोटी ठरली तरी तिला कोणी बोल लावणार नाही. ती बाई कोणत्या समाजाची आहे, किती शिकली आहे, हे त्या क्षणी कोणी विचारू नये. ही बालवाडी वस्तीतील सर्व जातींच्या मुलांसाठी खुली राहील असे आपण ठरविलेच आहे. तर तेथील शब्दही सर्वांचा सारखाच मानला जावा.

खर्चाचा प्रश्न निघेल. दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी शिळा बसविण्याचा विचार आहे, असे ऐकतो. देणगीदारांविषयी आम्हांस आदर आहे. तथापि आमची नम्र सूचना अशी की, शिळा पुढल्या वर्षी बसवावी. ह्या वर्षी त्या पैशांत दुसरे दार, टाकीचे झाकण व बोअरचा मुरूम होऊ द्या. आणि ही तीन कामे जूनपूर्वी झाली नाहीत, तर बालवाडी दिवाळीनंतर उघडावी. उशीर झाला तर लोक चार दिवस हसतील. घाई झाली तर एखादी आई जन्मभर रडेल.

ज्या जिल्ह्यात संत गाडगेबाबांचा जन्म झाला आणि जेथे २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला, त्या जिल्ह्याचे आपण रहिवासी आहोत. बाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन मागाहून. आपणही आधी आवार झाडू, मग उद्घाटनाचा नारळ फोडू. आमच्या हाती अजून बळ आहे. बोअर बुजविण्याच्या दिवशी पहिले घमेले आम्ही उचलू. आपण सर्वांनी यावे, एवढीच हात जोडून विनंती करतो आणि आमचे भाषण संपवितो.