विद्युत्घटातील आगीचा बंदोबस्त



विजेच्या गाड्या आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ एक धास्तीही आली. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली. पेट्रोल नाही, मग जळले काय, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. तो रास्तच होता.

सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीत पाणी चालत नाही. तिच्या साडेतीन व्होल्टांहून अधिक दाबाने पाण्याचे विघटन होते. म्हणून लिथियमचा क्षार कार्बोनेट जातीच्या सेंद्रिय द्रवांत विरघळवतात. त्यांपैकी डायमिथिल कार्बोनेटची वाफ सुमारे १८ अंश सेल्सियसलाच ठिणगीने पेटू शकते. जळते ते हे!

मग त्यात आग मारणारे द्रव्य का मिसळू नये? मिसळता येते. ज्वाला ही एक साखळी आहे. हायड्रोजनचे मोकळे अणू ती पुढे चालवतात. ट्रायमिथिल फॉस्फेट उष्णतेने फुटले की त्याचे फॉस्फरसयुक्त तुकडे त्या अणूंना धरून ठेवतात, आणि साखळी तुटते.

परंतु या औषधाचे पथ्य कडक आहे. ग्राफाइटच्या ऋणध्रुवावर जो संरक्षक पापुद्रा लागतो, तो फॉस्फेटामुळे नीट धरत नाही. शिवाय द्रव दाट होऊन आयनांची चाल मंदावते. थोडे घालावे तर आग आटोपत नाही, फार घालावे तर बॅटरीचे आयुष्य आटोपते! २०१७ साली टोकियो विद्यापीठातील अत्सुओ यामादा व त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून एक वाट दाखवली. त्यांनी फॉस्फेटालाच द्रावक केले आणि त्यात क्षार भरपूर विरघळवला. पापुद्रा मग क्षारापासूनच तयार झाला, आणि प्रयोगशाळेतील घट हजाराहून अधिक फेऱ्या टिकले. मात्र इतका क्षार महाग पडतो.

आणखी एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. हे द्रव्य ज्वाला मारते, तापाचे मूळ मारीत नाही. आत शॉर्टसर्किट झाले की घट आपोआप तापतो. निकेल-कोबाल्टच्या धनध्रुवातून प्राणवायूही सुटतो. तेव्हा घटांची निर्दोष बांधणी आणि तापमानावर पहारा यांना पर्याय नाही. डिसेंबर २०२२ पासून आपल्याकडे बॅटरीचे सुरक्षानियम कडक झाले, ते याचसाठी.

म्हणून ‘अग्निरोधक’ या शब्दावर आम्ही निर्धास्त झोपू नये. गाडी घेताना रंग आणि वेग यांची चौकशी आपण करतोच. तिची बॅटरी कोणत्या कसोट्यांना उतरली, हेही दुकानदाराला विचारावे. घरात माणसे झोपलेली असताना ती त्याच घराच्या जिन्याखाली उभी राहणार आहे.